वस्तीतल्या मुलांचे दादा-ताई होताना या चुका टाळा

चर्चच्या मंडळीतले तरुण वस्तीतल्या मुलांसाठी काम करायला निघतात, तेव्हा फॉर्मवर त्यांना ‘मेंटॉर’ म्हटलेलं असतं. मुलं मात्र दादा आणि ताईच म्हणतात. मला मुलांचा शब्द जास्त पटतो. मेंटॉरचं काम सोडता येतं, दादाला तसं उठून जाता येत नाही. गोवंडीत, देवनारच्या कचराडेपोलगतच्या गल्ल्यांत, गेली काही वर्षं मी दर शनिवारी जाते. तिथे आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या नव्याने निघालेल्यांच्या हातून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

मे महिन्यात सुरू, जूनमध्ये गायब

सगळ्यात जास्त इजा या एका चुकीने होते. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा भरते. दहा दिवस गाणी, कागदी मुकुट, शेवटच्या दिवशी बक्षिसं. मग पाऊस येतो, कॉलेज सुरू होतं, आणि ज्याच्या खांद्यावर बसून मूल नाचलं तो दादा परत दिसत नाही.

आमच्यातला एकजण एका बारा वर्षांच्या मुलाला गणित शिकवायचा. मुलगा सकाळी भंगार वेचायचा आणि चार वाजता हातपाय धुऊन यायचा. दादाला नोकरी लागली, शनिवारची सुट्टी गेली, तो यायचा थांबला. मुलाला सांगायचं कुणी, या विचारात कुणीच सांगितलं नाही. तीन शनिवार तो नळाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिला. मांडीवर वही, भिजू नये म्हणून दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्यांत घातलेली. ‘इथे का बसलास?’ म्हटलं तर ‘ऐसेच’ म्हणाला. चौथ्या शनिवारी नवा दादा समोर बसला, तेव्हा वही पिशवीतून काढण्याआधी त्याने विचारलं, ‘तू कितने शनिवार आएगा?’

अमेरिकेत एकेका मुलाला एक मोठा सोबती जोडून देणाऱ्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या कार्यक्रमातल्या मुलांवर ग्रॉसमन आणि रोड्स या दोघींनी 2002 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचं स्वतःबद्दलचं मत उलट खाली गेलं होतं. म्हणजे अर्धवट सोडलेलं काम शून्यावर थांबत नाही, त्याचं नुकसान मुलाला सोसावं लागतं.

आता आम्ही वर्षभराचा शब्द घेतल्याशिवाय कुणाला मूल सोपवत नाही. आठवड्याला एकच तास, पण ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप. आणि खरंच सोडावं लागलं, बदली झाली, लग्न होऊन लांब गेलं, तर महिनाभर आधी स्वतः मुलाला सांगायचं, त्याचं रडणं-रागावणं समोर बसून ऐकायचं आणि नव्या दादाची ओळख स्वतः करून द्यायची.

खाऊच्या बदल्यात प्रार्थना

‘प्रार्थना म्हटली तरच वही मिळेल’ हे वाक्य मी आमच्याच लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. चांगल्या मनाने म्हटलेलं, पण पार चुकीचं. वस्तीतली निम्म्याहून जास्त मुलं आपल्या मंडळीतली नसतात. कुणी मुसलमान, कुणी बौद्ध, कुणी हिंदू. त्यांच्या गरजेला अट घातली की ती लगेच शिकतात की इथे प्रेम विकत मिळतं.

दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परतला. येशूने विचारलं जरूर, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण त्या नऊ जणांचं बरं होणं काढून घेतलं नाही. आपल्या सेवेचं माप इथून घ्यावं.

लपवालपवीही नको. पहिल्याच भेटीत आईवडिलांना सांगायचं, आम्ही चर्चमधून येतो, अभ्यास घेतो, येशूच्या गोष्टीही सांगतो. तुमची हरकत असेल तर मुलगा फक्त अभ्यासाला येईल. बहुतेक आया यावर हसतात आणि चहा टाकतात. मुलाने आपल्या विश्वासाबद्दल विचारलं तर मनापासून उत्तर द्या. आईबापांच्या पाठीमागे त्याच्याकडून काही वदवून घेऊ नका.

आईवडिलांच्या वरचढ होणं

बाप दारू पितो, आई पहाटे पाचला धुणीभांडी करायला जाते, घरात अभ्यासाला जागा नाही. हे पाहून नव्या ताईला वाटतं, या मुलाला मीच वाचवणार. मग ती त्याच्या देखत बापाला नावं ठेवते, आईने नाकारलेला मोबाईल स्वतः घेऊन देते. मुलगा दोन्हीकडून फाटतो. महिन्यातून एकदा घरी जा आणि आईला त्याची एक चांगली गोष्ट सांगा. शाळेतून तिला आजवर तक्रारीच ऐकायला मिळालेल्या असतात.

आणि विचारायला शिका. आंधळ्या बार्तीमयाला काय हवंय हे दिसत होतं, तरी येशूने आधी त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं?

नुसती गाणी आणि वचनं

रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात संडे स्कूल सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांसाठी. रविवार हा त्यांचा एकच मोकळा दिवस होता, आणि तिथे त्यांना वाचायला शिकवलं जाई. आपल्याकडे पाचवीतल्या मुलाला बायबलचं वचन तोंडपाठ असतं, पण तेच पुस्तकात बोट ठेवून वाचता येत नाही. दर भेटीत पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन करून घ्या.

मुलाची शाळा मध्येच सुटलेली असेल तर घाबरू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, आणि जन्मदाखला नाही म्हणून शाळेला नकार देता येत नाही. मुलाला किंवा आईला एकटं पाठवू नका, सोबत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.

‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन

हे कधीही देऊ नका. मूल म्हणतं, ‘ताई, एक सांगू, पण प्रॉमिस कर.’ त्यावर एवढंच म्हणा, ‘तू सांग, मी ऐकते. तुला कुणी त्रास देत असेल तर तुला सांभाळायला मला अजून एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल, पण ते मी तुला आधी सांगेन.’ लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली, असं नाही. मंडळीची अब्रू जाईल म्हणून आतल्या आत मिटवणं तर पापच. मुलाची उलटतपासणी घेऊ नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो.

याच कारणासाठी बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसू नका. दार उघडं, दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात. आपला माणूस कितीही भला असला तरी हा नियम मोडायचा नाही.

फोटोंचंही तेच. देणगीदारांना दाखवायला रडका, मळका चेहरा काढू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे.

असं झालं तर

मूल अचानक यायचं थांबलं तर दुसऱ्याच दिवशी घरी जा. कधी कुटुंब गावी गेलेलं असतं, कधी मुलाला कारखान्यात लावलेलं असतं.

शिव्या दिल्या, ढकललं, तर हाकलू नका. बहुतेकदा ते तपासून बघत असतं, हा टिकतो की नाही. त्या दिवशी खेळ थांबवा, पण ‘पुढच्या शनिवारी ये’ हे स्पष्ट सांगूनच घरी पाठवा.

तोंडाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला, डोळे तांबारलेले दिसले, तर सगळ्यांसमोर बोलू नका आणि त्या अवस्थेत उपदेशही नको. शुद्ध हरपत असेल किंवा श्वास नीट चालत नसेल तर लगेच दवाखाना, नाहीतर जवळ बसा आणि एकटं सोडू नका. दुसऱ्या दिवशी घरच्यांना सोबत घेऊन सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चला. एका प्रार्थनेने व्यसन सुटेल असं मुलाला सांगू नका. सुटलं नाही की देवानेही आपल्याला सोडलं, असं त्याला वाटतं. प्रार्थना रोज करा, आणि औषधाच्या तारखेला त्याच्यासोबत रांगेत उभे राहा.

तो वहीवाला मुलगा आता नववीत आहे. नवा दादा दर शनिवारी चारला येतो. परवा लोकल रखडल्या आणि त्याला पोहोचायला पाच वाजले. मुलगा कट्ट्यावर नव्हता, गल्लीच्या तोंडाशी पोरांबरोबर क्रिकेट खेळत होता. दादा दिसल्यावर लांबूनच ओरडला, ‘रुक, एक ओव्हर बाकी है!’