खेड्यातल्या गोलरक्षकाने व्यावसायिक फुटबॉलची वाट कशी धरावी

विदर्भातल्या एखाद्या खेड्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला व्यावसायिक क्लबपर्यंत जायचे असेल आणि तो गोलरक्षक असेल, तर त्याची वाट आघाडीच्या खेळाडूपेक्षा वेगळी आहे, हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटे तरी मैदानात उतरायला मिळतात. गोलपोस्टमध्ये मात्र एकच जण उभा राहतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाचा अख्खा हंगाम बाकावर जाऊ शकतो. त्यामुळे वयाच्या विशीपर्यंत तरी नामांकित क्लबच्या बाकापेक्षा लहान क्लबची गोलपोस्ट निवडावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच आलेल्या आहेत.

सुरुवात गोलपोस्टच्या मापापासून करावी. गावात दोन दगड किंवा दोन चपला ठेवून खेळण्याची सवय असते, त्यामुळे नागपूरच्या चाचणीत पहिल्यांदा खऱ्या गोलपोस्टमध्ये उभ्या राहिलेल्या मुलाला ती अवाढव्य वाटते आणि तो नकळत रेषेला चिकटून राहतो. गोलची आतील रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर असते. गावाच्या आखरावर किंवा शाळेच्या पटांगणात याच मापाने बांबू पुरावेत, वरच्या दांडीच्या जागी दोर ताणावा आणि 5.5 मीटर (गोल एरिया), 11 मीटर (पेनल्टीची जागा) व 16.5 मीटर (पेनल्टी एरिया) अंतरावर चुन्याच्या खुणा कराव्यात. एवढ्याला फारसा खर्च येत नाही, आणि नजरेत खरे माप बसण्याचा दुसरा उपाय नाही.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडे अधिक अवघड आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो. मुरमाच्या मैदानावर डाइव्ह मारली तर कंबर आणि कोपर सोलून निघतात, आणि एकदा सोलपटले की मुलगा झेप घ्यायला कचरतो. यासाठी गोलपोस्टच्या एका बाजूला नदीची वाळू पसरून दोन-अडीच मीटरचा पट्टा करावा आणि डाइव्हचा सराव तिथेच करावा. डाइव्ह थेट उभ्याने शिकवू नये. प्रथम जमिनीवर बसून कुशीवर पडणे, मग गुडघ्यावरून, मग उकिडवे बसून आणि शेवटी उभ्याने, असा क्रम ठेवावा. पडताना शरीराची बाजू जमिनीला लागली पाहिजे. पोटावर किंवा कोपरावर पडणारा मुलगा आज ना उद्या दुखापत करून घेतो.

चेंडू पकडताना दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, बोटे पसरलेली आणि तळवे चेंडूच्या मागे असावेत. कमरेखाली येणाऱ्या चेंडूला मात्र करंगळ्या जवळ आणून, हातांच्या मागे पाय किंवा छाती ठेवून चेंडू पोटाशी घ्यावा. घराच्या भिंतीवर चेंडू मारून तो परत पकडण्याचा सराव एकट्यालाही करता येतो. तो रोज करावा, कारण चाचणी घेणारा प्रशिक्षक उंच झेपेपेक्षा साधा चेंडू हातातून निसटतो का, हे आधी पाहतो.

कोन कापणे, म्हणजे पुढे येऊन फटका मारणाऱ्याला दिसणारी गोलची जागा कमी करणे, हे गोलरक्षकाचे अर्धे काम आहे, आणि ते दोन दोरांनी शिकवता येते. चेंडू गोलपासून साधारण पंधरा मीटरवर, थोडा एका बाजूला ठेवावा आणि दोन्ही पोस्टपासून एकेक दोर चेंडूपर्यंत ताणून बांधावा. आता गोलरक्षकाने या दोन दोरांच्या बरोबर मध्ये उभे राहून हात पसरावेत. रेषेवर उभा असताना दोर त्याच्या हातांपासून बरेच दूर राहतात. तो चेंडूच्या दिशेने एकेक पाऊल पुढे आला की दोर जवळ येत जातात आणि ठराविक जागी बोटे जवळजवळ टेकतात. मित्राने चेंडूमागे बसून त्याला डावीकडे-उजवीकडे किती जागा उघडी दिसते, ते सांगावे. त्याच वेळी मागे डोक्यावरून किती जागा मोकळी राहिली, हेही वळून पाहावे, कारण फार पुढे आलेल्या गोलरक्षकावरून चेंडू अलगद उचलून टाकता येतो. चेंडूची जागा बदलत हा सराव केला की पुढे दोराशिवायही पाय आपोआप योग्य जागी जातात.

आवाजाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. आपल्या गावांत लहानाने मोठ्यावर ओरडू नये, असे वळण असते आणि ते घरात योग्यच आहे. मैदानावर मात्र सोळा वर्षांच्या गोलरक्षकाला तीस वर्षांच्या डिफेंडरला मोठ्याने सूचना द्यावी लागते. चेंडू आपण घेणार असू तर ‘कीपर’ आणि डिफेंडरने तो बाहेर मारायचा असेल तर ‘अवे’ असे आखूड, ठरलेले शब्द वापरावेत, आणि ते चेंडू हवेत असतानाच उच्चारावेत. जो मुलगा गप्प राहतो, तो कितीही चपळ असला तरी वरच्या स्तरावर टिकत नाही.

पायांचा खेळही आता टाळता येत नाही. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला पास हाताने घेण्यास 1992 पासून मनाई आहे, त्यामुळे दोन्ही पायांनी पहिल्या स्पर्शात चेंडू काबूत आणणे हवेच. 2025-26 च्या नियमांनुसार गोलरक्षकाने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला, तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो आणि शेवटचे पाच सेकंद पंच हाताने मोजून दाखवतात. चेंडू छातीशी धरून वेळ काढण्याची गावच्या स्पर्धांतली सवय म्हणूनच मोडावी.

ग्लोव्ह्जचे दोन जोड असावेत, एक सरावाचा आणि एक सामन्याचा. ते कोमट पाण्यात हाताने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ठेवले तर तळव्यावरचे लेटेक्स (रबर) कडक होऊन तडकते.

आता शिडी पाहू. शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुका-जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत जातात. विदर्भात नागपूर आणि अमरावती हे दोन विभाग येतात. 1960 पासून होणारी सुब्रोतो कप ही शालेय स्पर्धाही लक्षात ठेवावी, तिच्यात मुलींचाही गट आहे. शाळेत संघ नसेल तर पालकांनी क्रीडा शिक्षकांना भेटून तो उभा करण्याची विनंती करावी, कारण पंधरा-सोळा मुले जमली की प्रवेशिका भरता येते. त्यानंतरची पायरी नागपूर जिल्हा लीगची आहे. नागपूर आणि कामठीत फुटबॉलची जुनी परंपरा आहे, कामठीच्या रब्बानी क्लबसारखे संघ तिथे आहेत आणि लीगमध्ये वरपासून खालपर्यंत अनेक विभाग (डिव्हिजन) आहेत. इथेच माझा आग्रह आहे की मुलाने खालच्या विभागातला, पण पहिल्या क्रमांकाच्या गोलरक्षकाची गरज असलेला क्लब शोधावा. जिल्हा संघातून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेच्या आंतरजिल्हा स्पर्धा, तिथून राज्य संघ आणि राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा असलेली संतोष ट्रॉफी, असा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग आय-लीग या देशव्यापी लीगच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरावरील क्लबांच्या चाचण्यांचा आहे. तिसरा स्तर 2023 मध्ये सुरू झाला. आय-लीग जिंकून बढतीने आयएसएल (इंडियन सुपर लीग) या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये जाणारा पहिला क्लब पंजाबचा होता, तोही 2023 मध्येच, म्हणजे खालच्या पायऱ्या वरच्या पायरीशी खरोखर जोडलेल्या आहेत.

मोठ्या गोलरक्षकांचीही वाट बाकापेक्षा सामने देणाऱ्या संघांतून गेली आहे. भारताचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू तरुणपणी कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे होता, पण त्याला सामने मिळावेत म्हणून उसनवारीवर पैलान ॲरोज या तरुणांच्या संघाकडे पाठवले गेले. पुढे तो नॉर्वेच्या स्टाबेककडून युरोपात खेळला. हिमाचलच्या रोहरूसारख्या डोंगराळ गावातून आलेला विशाल कैथ आधी शिलाँग लाजाँगकडून आय-लीग खेळला आणि 2022-23 मध्ये आयएसएलच्या गोल्डन ग्लोव्ह या सर्वोत्तम गोलरक्षकाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला.

कागदपत्रांची हयगय करू नये. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे, आणि ती मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच तपासावी. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहिले जाते; वय लपवण्याचा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. खेळाडूची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत होते आणि एका वेळी एकाच क्लबकडे असते, म्हणून कोणी फॉर्म पुढे केला की त्यावर लगेच सही करू नये.

चाचणीसाठी क्लबला व्हिडिओ पाठवायचा असेल तर नुसत्या झेपांचे तुकडे जोडून पाठवू नयेत. मोबाइल उंचावर, शक्य तर शाळेच्या गच्चीवर, स्थिर ठेवून सामन्याचा एक अख्खा हाफ चित्रित करावा आणि त्यात खाल्लेले गोलही राहू द्यावेत, कारण गोल खाल्ल्यानंतर मुलगा कसा उभा राहतो, हे प्रशिक्षकाला पाहायचे असते. चाचणीला आदल्या दिवशीच पोहोचावे. पहाटेची एसटी धरून रिकाम्या पोटी मैदानात उतरलेल्या मुलाचे पाय जड पडतात. निवड नक्की करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नये. चाचणीचे शुल्क असेल तर ते क्लबने जाहीर केलेले आणि पावतीसह असावे.

करार झालाच तर तो घरी आणून जाणत्या माणसाकडून, शक्य असल्यास तालुक्याच्या वकिलाकडून, वाचून घ्यावा. अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. दुखापतीचा खर्च कोण करणार, राहण्या-जेवणाची सोय कोणती, मानधन कोणत्या तारखेला मिळणार आणि मध्येच क्लब सोडायचा असल्यास काय अटी आहेत, हे कागदावर लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनावर घर सोडू नये. खालच्या स्तरावर मानधन तुटपुंजे असते आणि हंगाम संपला की तेही थांबते, त्यामुळे दहावी-बारावी आणि पुढची पदवी सोडू नये. ठराविक स्तरावर खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस दलांचे संघ हाही सन्मानाचा मार्ग आहे. यासाठी प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र जपून ठेवावे.

बोट मुरगळले तर गावात ते ओढून बसवण्याची पद्धत आहे, ती पूर्णपणे बंद करावी. बर्फ लावावा आणि सूज राहिली तर एक्स-रे काढावा. डोक्याला मार लागून गरगरले किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत संपवावा.

क्लबने हंगामानंतर मुक्त केले, तर आधी ना हरकत प्रमाणपत्र आणि थकलेले मानधन लेखी मागावे, नोंदणी प्रणालीत आपले नाव मोकळे झाले की नाही ते स्वतः तपासावे, आणि पुढची चाचणी येईपर्यंत जिल्हा लीगमधल्या ज्या संघाला गोलरक्षक हवा आहे, त्याच्याकडे नोंदणीची मुदत संपण्याआधी जावे.