जुन्या सिंगल-शॉट रायफलची ‘फॉलिंग ब्लॉक’ यंत्रणा लाकडात कशी बनवावी

एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलींमध्ये ‘फॉलिंग ब्लॉक’ ही रचना मला सर्वांत सुंदर वाटते. खालचा दांडा पुढे ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडतं. दांडा मागे घेतला की ठोकळा वर येऊन ते बंद करतो. अमेरिकेत ख्रिश्चन शार्प्सने 1848 मध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं, स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सनने 1872 मध्ये, आणि जॉन ब्राउनिंगने 1879 मध्ये. ब्राउनिंगची रचना पुढे विंचेस्टर कंपनीने 1885 च्या मॉडेलमध्ये वापरली.

ही चाल हाताला कळावी म्हणून लाकडी मॉडेल बनवायचं. यात नळीच्या जागी भरीव दांडका असतो. त्याला भोक पाडू नका, आणि मॉडेल लाकडाच्याच रंगात ठेवा. कोणालाही ते खरं हत्यार वाटता कामा नये.

आधी कागद. सगळा खेळ दांड्याच्या भूमितीचा आहे, म्हणून पूर्ण मापाचं चित्र काढल्याशिवाय करवत हातात घेऊ नका. ढाचा, म्हणजे ठोकळा आणि दांडा ज्यात बसतात तो भाग, 156 मिमी लांब आणि 120 मिमी उंच. पुढच्या टोकापासून 60 मिमीवर ठोकळ्याची 36 मिमी रुंद उभी पोकळी. दांडा ज्यावर फिरतो तो खुंटा पोकळीच्या पुढच्या कडेपासून 16 मिमी पुढे आणि वरच्या कडेपासून 78 मिमी खाली. या खुंट्यापासून 40 मिमी अंतरावर दांड्यात दुसरी पिन असते, ती ठोकळ्याला हलवते. बंद स्थितीत ही पिन खुंट्याच्या मागे, आडव्या रेषेच्या 30 अंश वर. उघड्या स्थितीत 45 अंश खाली. म्हणजे ठोकळा सुमारे 48 मिमी उतरतो.

पिन गोलात फिरते, ठोकळा मात्र सरळ रेषेत सरकतो. त्यामुळे पिन 12 मिमी मागेपुढे होते, आणि तेवढी मोकळीक देण्यासाठी ठोकळ्यात आडवी खाच लागते. पुठ्ठ्याचे तुकडे कापून टाचणीवर फिरवून बघा. पुठ्ठ्यात अडकलं, तर लाकडातही अडकणार.

ढाचा. अखंड लाकडात चौकोनी आरपार पोकळी कोरणं कष्टाचं काम आहे. त्यापेक्षा थर रचा: मध्ये 30 मिमी जाडीचं लाकूड, दोन्ही बाजूंना फळ्या. मागचा मधला तुकडा पूर्ण उंचीचा, पुढचा वरून फक्त 60 मिमी. त्याच्याखाली, पोकळीला लागून, 32 मिमी रुंद आणि 10 मिमी जाड अशा दोन उभ्या पट्ट्या दोन्ही फळ्यांना आतून बसवा. त्यांच्यामधून दांडा फिरतो आणि ठोकळ्याला पुढून आधार मिळतो. एक फळी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची घेऊन स्क्रूने बसवा, म्हणजे आतली हालचाल दिसेल.

ठोकळा. इथे घाई करू नका. टणक, सरळ रेषांचं लाकूड घ्या. आधी 36 बाय 30 बाय 70 मिमीपेक्षा किंचित मोठा कापा, मग गुण्या लावत पॉलिश पेपरवर घासत आणा. पेपर सपाट काचेवर ठेवा आणि ठोकळा त्यावर फिरवा, नाहीतर कडा गोल होतात. कुठे घासतंय ते कळायला पोकळीच्या भिंतींवर मऊ पेन्सिल फिरवा, ठोकळा एकदा वरखाली करा आणि जिथे काळं उमटेल तेवढंच काढा. तो स्वतःच्या वजनाने हळू उतरला पाहिजे, पण बोटाने हलवल्यावर डुगडुगता कामा नये. खऱ्या रायफलीत गोळी सुटताना मागे येणारा सगळा दाब ठोकळा मागच्या भिंतीवर सोडतो, म्हणून तिथली बैठक जुने कारागीर जिवापाड सांभाळत.

माप जमलं की खालून 10 मिमी रुंद, 40 मिमी खोल फट कापा, पुढून मागेपर्यंत आरपार. तळापासून 12 मिमी वर 22 मिमी लांब आडवी खाच पाडा: दोन टोकांना 8 मिमीची भोकं, मधलं लाकूड पटाशीने काढून कानशीने साफ.

दांडा 9 मिमी प्लायवूडचा करा. अखंड लाकूड वळणाच्या जागी हमखास मोडतं. खुंट्यापासून एक हात मागे पिनकडे जातो, दुसरा खाली उतरून ढाच्याखालून मागे वळतो.

जोडणी. दांड्याचा हात फटीत घाला आणि 8 मिमीची पिन बसवा. तिची लांबी ठोकळ्याच्या जाडीपेक्षा जरा कमी हवी, म्हणजे बाजूच्या फळ्याच तिला धरून ठेवतील. ठोकळा पोकळीत सोडा, खुंटा ठोका, शेवटी अ‍ॅक्रिलिक लावा. ठोकळ्याच्या वजनाने दांडा आपोआप उघडतो. तो थांबवायला दांड्याच्या शेपटीत आणि ढाच्याच्या तळाशी एकेक छोटं लोहचुंबक बसवा. तेल नको. सरकणाऱ्या भागांवर मेण चोळा.

नळीचं 30 मिमी जाड दांडकं पुढे चिकटवा, त्याचा मध्य वरच्या कडेपासून 20 मिमीवर. पोकळीच्या पुढच्या भिंतीवर त्याच उंचीला काळं वर्तुळ रंगवा. दांडा पुढे ओढल्यावर ते पूर्ण दिसलं आणि मागे घेतल्यावर पूर्ण झाकलं गेलं, तर मापं बरोबर उतरली. थोडं झाकलेलं राहिलं, तर दांडा कुठे अडतोय ते आधी पाहा. ठोकळ्याच्या वरच्या कडेला हात लावू नका.