सेव्हिलमधले पहिले तीन दिवस, नागपूरच्या माणसासाठी

नागपुरातून पहिल्यांदा स्पेनला जाणारे बहुतेक जण माद्रिद-बार्सिलोना करूनच परत येतात, पण मी तर म्हणतो सेव्हिलला चार दिवस ठेवाच. माद्रिदहून आवे नावाची फास्ट ट्रेन अडीच तासात पोचवते. उतरलं की रस्तोरस्ती संत्र्याची झाडं, आपल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटते. तोडून खाऊ मात्र नका, ती कडू राहतात, मार्मालेडची जात आहे ती. मार्चच्या शेवटी-एप्रिलात गेलात तर गल्लीगल्लीत फुलांचा वास, काटोलकडे बागा बहरल्या की येते तसाच.

आता मेन गोष्ट, ऊन. जुलै-ऑगस्टमध्ये 40 च्या वर पारा म्हणजे आपल्याला नवीन नाही, पण चूक होते ती वेळेची. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या खूप पुढे आहे, जूनच्या शेवटी सूर्य मावळायला रात्रीचे पावणेदहा वाजतात, म्हणून आपल्याकडे दुपारी दोन-तीनला जे ऊन राहते ते तिथे संध्याकाळी पाच-सहाला राहते. मी पहिल्याच दिवशी चार वाजता, आता उतरलं असेल ऊन असं समजून प्लासा दे एस्पान्या नावाच्या मोठ्या उघड्या चौकात गेलो आन् अर्ध्या तासात डोकं धरून परत आलो. त्यामुळे मे महिन्यात नागपुरात जगतो तसंच जगा, सकाळी फिरा, दुपारी जेवून झोपा, साडेसातनंतर पुन्हा निघा. बरीच छोटी दुकानंही दुपारी दोन ते पाच बंदच राहतात. सिएर्पेस रस्त्यावर वरून कापड ताणलेलं दिसेल, आपल्या सिग्नलवरच्या हिरव्या जाळीसारखं, सावली पकडत चालायचं असंच.

पहिला दिवस सांता क्रूसमध्येच घालवा, जुना ज्यू मोहल्ला आहे, बोळ इतके अरुंद की आपल्या नागपुरातल्या महाल भागातल्या गल्ल्या मोठ्या वाटतील, मॅप बंद करून फिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल आणि अल्कासार म्हणजे राजवाडा, दोन्हीची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, नाहीतर भर उन्हात लाइन. कॅथेड्रलचा हिराल्दा टॉवर आधी मशिदीचा मिनार होता, बाराव्या शतकातला, वर जायला शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत, 35 उतार आहेत, बांग देणारा घोड्यावर बसून जायचा असं सांगतात, त्यामुळे आई-बाबा सोबत असतील तरी हळूहळू चढतात. कोलंबसची कबरही आतच आहे. प्लासा दे एस्पान्या 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, तिथे सकाळी नऊच्या आत पोचा.

खाण्याचं म्हणाल तर नाश्त्याला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला टोस्ट, सगळीकडे भेटते. व्हेज असाल तर एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मागा, पालक आणि काबुली चणे, वरून जिऱ्याचा वास, तिखट नाही पण आपली भाजीच वाटते. साल्मोरेहो, म्हणजे टोमॅटोचं घट्ट थंड सूप, मागवताना 'सिन हामोन' आठवणीनं म्हणा, नाहीतर वर डुकराचं मांस घालून देतात. रात्रीचं जेवण नऊच्या आधी शोधत बसू नका, अनेक ठिकाणी किचनच उघडलेलं नसते.

तिसऱ्या संध्याकाळी पूल ओलांडून त्रियानाला जा, जुनी कुंभारांची वस्ती, रंगीत टाइल्सची दुकानं, आन् रात्री एखाद्या छोट्या जागेत फ्लामेंको, म्हणजे इथला गाण्या-नाचाचा प्रकार, पाहा. मोठा डिनर-शो नको, पन्नास-साठ खुर्च्यांची जागा शोधा. ज्या हितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी लोकांनी ही कला घडवली त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच वायव्य भारतातून निघालेले, हे डोक्यात ठेवून बसलात तर त्या गाण्यातली हाक वेगळीच लागते. मोबाइल खिशात ठेवा. टाळ्यांचा ठेका तेच धरतात, आपण मधेच वाजवायच्या नाहीत, ताल तुटते. आपल्या बैठकीत जिथे 'क्या बात है' निघते, तिथे बाजूचे 'ओले' म्हणतील, तेव्हा तुम्हीही बिनधास्त म्हणा.