न्यूझीलंडमध्ये परदेशी कामगार नेमायचा असल्यास: मालकाच्या मान्यतेची पूर्वतयारी

न्यूझीलंडमध्ये स्वतःचे हॉटेल किंवा वर्कशॉप चालवणाऱ्याला भारतातून आचारी वा वेल्डर बोलवायचा असेल, तर बहुतेक वेळा तीन टप्पे पार करावे लागतात: आधी मालकाला मान्यता, मग त्या ठरावीक पदाची तपासणी आणि शेवटी कामगाराचा व्हिसा. ही पद्धत २०२२ साली सुरू झाली. मान्यतेच्या अर्जातील बराचसा भाग मालकाने स्वतः करायच्या घोषणांचा असल्यामुळे तो भराभर भरून होतो आणि फसगत होते ती इथेच, कारण पुरावे मान्यता मिळाल्यानंतरही मागितले जातात. म्हणून आधी फाइल पुरी करावी आणि मगच अर्ज उघडावा.

व्यवसाय खरोखर चालू असणे ही पहिली अट आहे. त्यासाठी कर खात्याकडे मालक म्हणून नोंदणी आणि न्यूझीलंड बिझनेस नंबर लागतो. आर्थिक बाजू दाखवण्याचे पर्याय मात्र वेगवेगळे आहेत: घसारा व कर वजा करण्यापूर्वी मागील २४ महिन्यांत तोटा नसणे, मागील सहा महिने दरमहा खर्चापेक्षा जमा अधिक असणे, पुरेसे भांडवल असणे किंवा दोन वर्षांची पटण्याजोगी योजना असणे. नव्या दुकानदाराला अर्थातच शेवटच्या दोहोंवर भिस्त ठेवावी लागते. पाचपर्यंत कामगारांसाठी साधी मान्यता पुरते. त्याहून अधिक हवे असल्यास वरच्या श्रेणीचा अर्ज करावा.

सर्वांत जपून वागावे ते भरतीच्या खर्चाबाबत. जाहिरात, एजन्सीची फी, मान्यतेचे व पदाच्या तपासणीचे शुल्क, कामावरचे प्रशिक्षण यांपैकी काहीही कामगाराकडून वसूल करता येत नाही. आपल्याकडच्या एजंटांचा ‘फाइल चार्ज’ या नियमात बसतच नाही. त्यामुळे एजंटकडून लेखी हमी घ्यावीच, शिवाय उमेदवाराला स्वतः फोन करून ‘कोणाला किती पैसे दिलेत?’ असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर तारखेसह नोंदवून ठेवावे. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑकलंडमधील काही घरांत नोकरीसाठी पैसे मोजून आलेले शंभराहून अधिक भारतीय व बांगलादेशी कामगार दाटीवाटीने राहत असल्याचे उघड झाले, तेव्हापासून या मुद्द्याकडे बारकाईने पाहिले जाते.

करारपत्रात आठवड्याला किमान ३० तासांचे काम आणि त्या कामाचा बाजारात चालू असलेला दर असावा. जुन्या नमुन्यातून करार उतरवला असल्यास ९० दिवसांच्या चाचणी काळाचे कलम काढायला विसरू नये. अशा व्हिसावरील कामगारांसाठी ते २९ ऑक्टोबर २०२३ पासून चालत नाही.

कामगार आल्यावर पहिल्या महिन्यात त्याला घरभाडे, बस, दवाखाना, कर क्रमांक आणि कामातील धोके यांची माहिती द्यावी लागते. ती एका कागदावर लिहून, त्याची सही घेऊन फाइलला लावलेली बरी. व्हिसाची मुदत संपायला महिना वा अधिक काळ उरला असताना त्याने काम सोडले, तर इमिग्रेशन खात्याला कामकाजाच्या १० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे.