मिश्र नेटवर्कमधल्या सर्व्हरसाठी मॉनिटरिंग एजंट कसा निवडावा

मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा डॅशबोर्ड बघितले जातात. ज्याचा डॅशबोर्ड मनात भरेल, त्याचा एजंट सगळ्या सर्व्हरवर टाकायचा, असा क्रम ठरतो. हे आधी कळस आणि मग पाया असं झालं. सगळी मशीन एकाच जातीची असतील तर तेही निभावून जातं. पण एकीकडे नवं लिनक्स, दुसरीकडे विंडोज सर्व्हरच्या तीन-चार पिढ्या, कोपऱ्यात एखादं एआयएक्स किंवा सोलारिस (युनिक्स घराण्यातल्या सिस्टिम), आणि या सगळ्यांना जोडणारे स्विच, यूपीएस, स्टोरेज असा संसार असेल, तर निवड उलट्या टोकाकडून करावी लागते. सगळ्यात अडचणीचं मशीन आधी धरायचं. तिथे जे चालेल, तेवढेच खरे उमेदवार.

एजंट म्हणजे सर्व्हरवर सतत चालणारा छोटा प्रोग्राम. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, चालू सेवा यांची मोजमापं घेऊन तो मध्यवर्ती सर्व्हरला कळवतो. काम साधंच, पण तो प्रत्येक मशीनवर आणि बहुतेकदा बऱ्यापैकी अधिकारांसह बसतो. म्हणून निवड चुकली की ती निस्तरायला महिने जातात.

पायरी १ : मशीनची खरी यादी करा

कागदावरची नको, खरी. प्रत्येक मशीनपुढे ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची नेमकी आवृत्ती, प्रोसेसरची जात, ते नेटवर्कच्या कोणत्या भागात आहे आणि त्यावर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी कोणाकडे आहे, एवढं लिहा. शेवटचा रकाना हमखास राहून जातो, आणि नंतर गाडं तिथेच अडतं. एखादं यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या करारात ‘बाहेरचं सॉफ्टवेअर टाकल्यास सेवा बंद’ असं कलम असेल, तर तिथे एजंटचा विषयच संपला.

आवृत्ती नेमकी का हवी, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. टेलिग्राफ, नोड एक्सपोर्टर, झॅबिक्स एजंट २ असे बरेचसे आजचे एजंट गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहेत. फायदा मोठा आहे: बहुतेकदा एकच फाइल कॉपी केली की काम झालं, सोबत लायब्ररींचा पसारा लागत नाही. पण गो १.२१ पासून विंडोजवर किमान विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ लागतं. विंडोज सर्व्हर २००८ आणि २०१२ वर चालणारी शेवटची मालिका गो १.२० ची. म्हणजे तुमच्याकडे २०१२ चा एखादा सर्व्हर अजून हिशेबाचं काम करत असेल, तर एजंटची ताजी आवृत्ती त्यावर चालेल याची खात्री नाही. एजंटच्या पानावर ‘विंडोजवर चालतो’ असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. तुमच्या विंडोजवर चालतो का, हा प्रश्न वेगळा.

जुन्या युनिक्ससाठी सी भाषेतले किंवा साध्या शेल स्क्रिप्टचे एजंट उपयोगी पडतात. झॅबिक्स या मॉनिटरिंग व्यवस्थेचा मूळ एजंट सी भाषेत आहे आणि तो एआयएक्स, सोलारिस यांवरही चालवता येतो. त्याचा नवा भाऊ, एजंट २, मुख्यतः लिनक्स आणि विंडोजसाठी आहे. चेकएमके या दुसऱ्या व्यवस्थेचा लिनक्सवरचा एजंट तर मूळात एक शेल स्क्रिप्टच आहे. उघडून ओळ न् ओळ वाचता येते. ज्या मशीनला हात लावायला सगळे घाबरतात, तिथे ही गोष्ट फार मोलाची ठरते, कारण मशीनच्या मालकाला ‘हे बघा, एवढंच करतो’ असं दाखवता येतं.

पायरी २ : कशासाठी उठायचं ते ठरवा

रात्री दोनला फोन वाजावा असं नेमकं काय काय आहे, ते लिहून काढा. यादी दहा-पंधरा ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. मग प्रत्येक ओळीसाठी एजंट नेमकं काय मोजतो ते तपासा, कारण एकाच नावाची मोजमापं दोन सिस्टिमवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

लिनक्सची मेमरी घ्या. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या कॅशसाठी वापरतं, त्यामुळे ‘मोकळी मेमरी’ हा आकडा तब्येत उत्तम असलेल्या सर्व्हरवरही खूप कमी दिसतो. खरा उपयोगी आकडा ‘उपलब्ध मेमरी’चा, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ पासून तो कर्नल स्वतःच देतो. एजंट पहिला आकडा धरून अलर्ट देत असेल, तर आठवड्याभरात लोक त्याच्या अलर्टकडे बघणं सोडून देतील, आणि मेमरी खरोखर संपेल तेव्हाही कोणी बघणार नाही. लोड ॲव्हरेजचं (प्रोसेसरसाठी रांगेत असलेल्या प्रक्रियांच्या सरासरीचं) तसंच. लिनक्समध्ये त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. विंडोजमध्ये असा आकडाच नसतो. दोन्हीसाठी एकच मर्यादा लावणारा तयार साचा मिळाला, तर तो बाजूला ठेवा.

डिस्कचीही एक मेख आहे. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे दिसत असतात आणि प्रोग्राम ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून कोसळतो. कारण असतं आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा. लाखो बारीक फायली साठल्या की आयनोड संपतात, जागा शिल्लक राहते. एजंट दोन्ही मोजतो का, हे स्वतः बघा.

विंडोजची भाषा इंग्रजी नसेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तिथे परफॉर्मन्स काउंटरची (विंडोज स्वतः ठेवतं त्या मोजमापांची) नावं त्या भाषेत येतात, आणि इंग्रजी नावांवर विसंबलेली तपासणी काहीच आणत नाही. झॅबिक्समध्ये यासाठी इंग्रजी नावांची वेगळी सोय आहे.

पायरी ३ : जोडणी कोण सुरू करणार?

मध्यवर्ती सर्व्हर एजंटकडे जाऊन माहिती आणतो, की एजंट स्वतः पाठवतो? मिश्र नेटवर्कमध्ये हा प्रश्न बाकी गुणांपेक्षा मोठा आहे, कारण फायरवॉलचे नियम यावर ठरतात.

प्रोमिथियस हा मध्यवर्ती सर्व्हर आपल्या एजंटांकडून (त्यांना एक्सपोर्टर म्हणतात) माहिती ओढून आणतो: लिनक्सवरच्या नोड एक्सपोर्टरकडे ९१०० पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा), विंडोजच्या एक्सपोर्टरकडे ९१८२ वर. झॅबिक्समध्ये दोन्ही पद्धती आहेत. पॅसिव्ह तपासणीत सर्व्हर एजंटच्या १००५० पोर्टवर जातो. ॲक्टिव्ह तपासणीत एजंट सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर येतो. चेकएमकेचा एजंट मूळ मांडणीत ६५५६ वर ऐकत बसतो. विंडोजवर एजंट न टाकता डब्ल्यूएमआय या विंडोजच्याच अंगभूत सोयीने माहिती काढायचा पर्याय बरेच जण सुचवतात, पण तो पोर्ट १३५ सोबत ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही पोर्ट वापरू शकतो. एवढं मोठं भगदाड कोणताही जबाबदार फायरवॉल सांभाळणारा देणार नाही, आणि देऊही नये.

माझं मत असं: सगळं एका सपाट, विश्वासाच्या नेटवर्कमध्ये असेल तर ओढण्याची पद्धत उत्तम, कारण मशीन गेलं की लगेच कळतं. वेगवेगळे विभाग, दूरच्या शाखा, मध्ये फायरवॉल असतील तर बाहेर पाठवणारा एजंट, किंवा शाखेत बसून माहिती गोळा करणारा प्रॉक्सी बरा. एकच पोर्ट, एकाच दिशेने. मधला दुवा तासभर तुटला तर ओढण्याच्या पद्धतीत तेवढा आलेख कोरा राहतो. माहिती साठवून नंतर पाठवणारा प्रॉक्सी तो भरून काढतो.

पायरी ४ : जिथे एजंट जाणारच नाही, तिथली सोय

स्विच, यूपीएस, जुनं स्टोरेज यांवर काही टाकता येत नाही. तिथे एसएनएमपी, म्हणजे उपकरणांकडून नेटवर्कवरून आकडे विचारून घ्यायची पद्धत. निवडलेली व्यवस्था हेही त्याच छताखाली बघू शकली पाहिजे, नाहीतर सर्व्हर एका पडद्यावर आणि त्याला जोडणारा स्विच दुसऱ्यावर, अशी फाटाफूट होते. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत पासवर्डसारखा ओळखीचा शब्द उघडाच जातो, म्हणून जमेल तिथे तिसरी आवृत्ती वापरा.

इथे एक हिशेब जरूर करा. इंटरफेसवरून किती बाइट गेले, याचा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे. तो सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. १ गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर त्याला साधारण ३४ सेकंद लागतात. तुम्ही दर मिनिटाला आकडा घेत असाल तर मधल्या मधे फेरी पूर्ण होते, आणि लाइन तुडुंब असताना आलेख निवांत दिसतो. ६४ बिटांचा काउंटर वापरला जातोय का, एवढं बघितलं की हा घोळ टळतो.

पायरी ५ : अधिकार कमीत कमी द्या

डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच घातक कोड पसरल्याचं उघड झालं. त्या प्रकरणापासून प्रत्येक एजंटला मी एक प्रश्न आधी विचारतो: हा उद्या शत्रूच्या हातात गेला तर काय काय करू शकेल?

लिनक्सवर एजंट रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून चालवायची गरज क्वचितच असते. वेगळा साधा वापरकर्ता करा. एखाद्या तपासणीला जास्त अधिकार लागले तर तेवढ्याच आज्ञेपुरते द्या. विंडोजवर बरेच एजंट लोकल सिस्टिम खात्यावर बसतात, म्हणजे त्या मशीनवर त्यांना जवळजवळ सगळं मोकळं. ते बदलता येतं का, ते चाचणीतच बघा. दुरून आज्ञा चालवायची सोय बंद ठेवा. एनआरपीई या एजंटमध्ये दुरून आज्ञेला आर्ग्युमेंट देऊ देणाऱ्या सेटिंगचं नावच ‘डोन्ट ब्लेम एनआरपीई’ आहे. बनवणाऱ्यांनी यापेक्षा स्पष्ट इशारा काय द्यावा! एजंट आणि सर्व्हरमधली वाहतूक टीएलएसने (वाटेत कोणी वाचू नये म्हणून सांकेतिक करून) झाकलेली हवी. काही एक्सपोर्टरमध्ये ती मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते.

पायरी ६ : चाचणी घ्या, आणि ती बिघाडाची घ्या

दोन किंवा तीन उमेदवार उरले की प्रत्येकाला यादीतल्या पाच सगळ्यात अवघड मशीनवर दोन आठवडे ठेवा. नव्याकोऱ्या लिनक्सवर चाचणी घेण्यात काही अर्थ नाही, तिथे सगळेच पास होतात.

बिघाडाचा आग्रह धरण्यामागे एक रात्र आहे. मी सांभाळत असलेल्या एका नेटवर्कमध्ये मध्यरात्रीनंतर फाइल स्टोरेज अडकलं. त्यावरचा एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेला दूरचा फोल्डर) जोडलेल्या सर्व्हरवर एजंटची डिस्क-तपासणी उत्तराची वाट बघत थिजली, आणि तिच्या मागे रांगेत असलेल्या बाकीच्या तपासण्याही थांबल्या. एजंटची प्रक्रिया चालू होती, पोर्ट उघडा होता, पिंगला उत्तर येत होतं. पडद्यावर शेवटचे चांगले आकडे हिरव्या रंगात तसेच उभे होते. सकाळी बॅकअप झालेला नाही हे कळलं, तेव्हा आलेख जवळ घेऊन बघितला: एक वाजून काही मिनिटांपासून सगळ्या रेषा पट्टीने आखाव्यात तशा सरळ. जिवंत सर्व्हरची रेषा अशी कधीच नसते.

म्हणून चाचणीत हे मुद्दाम करा. एजंटची सेवा बंद करा. मग ती चालू ठेवून फक्त गोठवा, म्हणजे प्रक्रिया दिसेल पण काम करणार नाही. चाचणीच्या मशीनवर एनएफएस माउंट करून पलीकडचा सर्व्हर बंद करा. फायरवॉलवर पोर्ट अडवा. घड्याळ दहा मिनिटं मागे करा. प्रत्येक वेळी अलर्ट किती मिनिटांत आला ते लिहा, आणि ‘माहिती येणं थांबलं’ असा अलर्ट आला की नुसतं जुनंच हिरवं चित्र राहिलं, तेही लिहा. झॅबिक्समध्ये यासाठी ‘नोडेटा’ फंक्शन आहे, प्रोमिथियसमध्ये ‘अप’ हा आकडा आणि ‘ॲबसेंट’ फंक्शन. पण ते लावावं लागतं, आपोआप सगळीकडे लागलेलं असेल असं धरून चालू नका. मध्यवर्ती सर्व्हरच पडला तर कोण सांगणार, याचीही सोय हवी: तो दर काही मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला ‘मी आहे’ असं कळवेल, आणि ते थांबलं की ती सेवा तुम्हाला उठवेल.

साठवणुकीचा हिशेब याच काळात उरकून घ्या. २०० मशीन, प्रत्येकावर ५०० मोजमापं, दर मिनिटाला एकदा, म्हणजे दिवसाला १४.४ कोटी नोंदी. प्रोमिथियस एका नोंदीला सरासरी १ ते २ बाइट घेतो, त्यामुळे दिवसाला ३०० एमबीच्या आतच भागतं. दर १५ सेकंदांनी मोजलंत तर चौपट.

पायरी ७ : एकच एजंट हवा, हा हट्ट सोडा

चाचणीनंतर बहुतेकदा असं दिसतं की एकही उमेदवार सगळीकडे बसत नाही. तेव्हा मधला सर्व्हर आणि अलर्टची जागा एकच ठेवा, माहिती गोळा करणारे हात दोन किंवा तीन चालतील. विंडोजच्या बऱ्याच पिढ्या आणि जुनी युनिक्स मशीन असतील तर मी झॅबिक्स किंवा चेकएमकेकडे झुकेन. बहुतेक काम कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायच्या बंद डब्यांत) चालत असेल तर प्रोमिथियस, आणि उरलेल्या स्विचसाठी त्याचाच एसएनएमपी एक्सपोर्टर.

पायरी ८ : टप्प्याटप्प्याने पसरवा

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. तो सुरक्षेचा एजंट होता, मॉनिटरिंगचा नव्हे, पण धडा तोच लागू पडतो: सगळ्या मशीनवर एकाच वेळी काहीही जाऊ देऊ नका. आपोआप अपडेट बंद करा. आधी चाचणीची मशीन, दोन दिवसांनी कमी महत्त्वाची, आठवड्याने बाकीची. एजंट काढून टाकायची पद्धतही त्याच साधनातून चालवून बघा, कारण ती लागते तेव्हा घाई असते.

जुन्या मशीनवर मात्र जी आवृत्ती चालते ती गोठवून ठेवा. पहिल्या पायरीच्या यादीत त्यांच्यापुढे दोन रकाने वाढवा: एजंटची गोठवलेली आवृत्ती, आणि ते मशीन निवृत्त करायचं ठरलेली तारीख.