पूलमधल्या फाउलचा वाद शॉटच्या आधीच कसा मिटवावा

पूल म्हणजे क्यूने, म्हणजे लांब काठीने, पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये पाडायचा खेळ. तालुक्याच्या गावात पूलच्या एकाच टेबलावर तीन खेळांचे नियम चालतात. नागपूरला कॉलेज करून आलेला स्नूकरचा नियम सांगतो, टेबलवाले भाऊ त्यांचा घरचा नियम सांगतात, आणि बाकीचे आपण सगळे कॅरमवर वाढलेले. वरुडला मी कितीदा तरी पाहिलं आहे, पांढरा पॉकेटमध्ये गेला की खेळणारा आपलाच पडलेला एक बॉल मुकाट्याने काढून टेबलावर ठेवतो. स्ट्रायकर गेला की सोंगटी परत ठेवायची, हा कॅरमचा दंड झाला. पूलमध्ये पडलेला बॉल पडलेलाच राहतो. दंड एवढाच की समोरच्याला पांढरा हातात मिळतो आणि ब्रेकवरचा, म्हणजे डावाच्या पहिल्या शॉटवरचा, फाउल सोडला तर तो टेबलावर कुठेही ठेवता येतो. 'डी'च्या, म्हणजे टेबलावरच्या अर्धवर्तुळाच्या, आतच ठेव म्हणून ओरडणारा स्नूकरचं बोलत असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक पुठ्ठा आणि जाड स्केचपेन. आपल्या शेजारच्या जबलपूरला १८७५ मध्ये स्नूकर जन्मला, पण त्याचे नियम १८८२ मध्ये उटीच्या क्लबात लिहून भिंतीवर लागले. आपल्यालाही भिंतच कामाला येते. एट-बॉलचे, म्हणजे आपल्या गटाचे (एकरंगी किंवा पट्ट्यांचे) बॉल संपवून शेवटी आठ नंबरचा पाडायच्या पूलचे, जागतिक नियम घ्या आणि मराठीत लिहा. आपल्या गटाचा बॉल आधी लागला पाहिजे. तो लागल्यावर एखादा बॉल पडला पाहिजे, नाहीतर कोणता तरी बॉल, पांढरा धरून, कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, लागला पाहिजे. पांढरा पडला, बॉल टेबलाबाहेर उडाला, बॉल फिरत असतानाच मारलं, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, तर फाउल.

आठ नंबरचं वेगळं आणि ठळक लिहा, कारण भांडणं तिथेच होतात. ब्रेकनंतर तो आपला गट संपण्याआधी पडला, सांगितलेलं पॉकेट सोडून दुसऱ्यात पडला, त्याच शॉटवर पांढराही गेला किंवा आठ नंबर टेबलाबाहेर उडाला, तर डाव गेला. पण आठ नंबरवर खेळताना तो पडला नाही आणि नुसता पांढरा गेला, तर डाव जात नाही, साधा फाउल होतो. आमच्याकडे यावर कितीतरी डाव उगीच सोडून दिले गेले आहेत.

शर्टाच्या बाहीने दुसरा बॉल जरासा हलला तर? कडक नियमात फाउल. पंच नसलेल्या खेळात मात्र पांढऱ्याला लागलं तरच फाउल धरा. दुसरा बॉल हलला तर समोरच्याला विचारून जागेवर ठेवा. दोन्ही चालतं, फक्त ब्रेकच्या आधी ठरवा.

आता खरा अवघड प्रसंग. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एका गावच्या फायनलला मी पंच होतो. पांढरा आणि पोट्ट्याचा बॉल यांच्यात आगपेटीच्या काडीएवढी फट. त्याने सरळ मारलं आणि दोन्ही बॉल बरोबरीने कुशनपर्यंत धावले. "काऊन बे, दोनदा लागला ना!" समोरचा ओरडला. मी खेळणाऱ्याच्या पाठीमागे उभा होतो, तिथून काही दिसलं नव्हतं, आणि मी फाउल दिला नाही. एकाच शॉटमध्ये क्यू पांढऱ्याला दोनदा लागला होता, म्हणजे तो फाउल होता. आजही टोचतं.

अशा वेळी काय करायचं ते सांगतो. बॉल जवळजवळ दिसले की खेळणाऱ्याला थांबवा, वाका, फट आहे की बॉल चिकटले आहेत ते बघा आणि मोठ्याने सांगा. चिकटलेले असतील तर पूलमध्ये त्या बॉलकडे सरळ मारता येतं. स्नूकरमध्ये नाही, तिथे त्यापासून दूर मारावं लागतं. फट असेल तर शॉटच्या रेषेला काटकोनात, बाजूला बसा आणि डोळा टेबलाच्या उंचीवर आणा. समोरासमोर धडकल्यावर चांगल्या शॉटमध्ये पांढरा जागीच थबकतो. तो लगेच दुसऱ्याच्या मागोमाग अर्ध्या बॉलपेक्षा जास्त पुढे गेला, तर क्यू दोनदा लागला असं धरा.

कुशनला चिकटलेल्या बॉलचंही तसंच आहे. चिकटलेला आहे हे शॉटच्या आधी जाहीर झालं पाहिजे. मग त्याच कुशनला तो नुसता टेकलेला आहे, हे कुशनला लागणं धरत नाहीत. तिथून सुटून पुन्हा लागावा, दुसऱ्या कुशनला लागावा किंवा पांढरा तरी कुशनला जावा. शॉट झाल्यावर "चिकटला होता" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आपला आणि समोरच्याचा असे दोन बॉल एकदमच लागले आणि आधी कोणता ते कळलं नाही, तर खेळणाऱ्याच्या बाजूने द्या. पंच नसेल तर फाउल मागणाऱ्याने पुढचा शॉट होण्याआधी बोलावं. बघ्यांना विचारू नका, भाऊ असो की काका. जवळच्या शॉटला तिसरा माणूस हवा असेल तर तो मारण्याआधी बोलवा.

फाउल दिसला की हात वर करा, शब्द एकच, "फाउल", आणि पांढरा समोरच्याच्या हातात द्या. कारण विचारलं तर पुठ्ठ्यावरची ओळ दाखवा.

लाइन गेली तर? शॉट सुटलेला असेल तर बॉल आपोआप थांबू द्या, कोणी टेबलाजवळ जायचं नाही, आधी मोबाइलची बॅटरी लावायची. अंधारात कोणाचा धक्का लागला आणि बॉल कुठे थांबले होते हे दोघांनाही सांगता आलं नाही, तर बॉल शॉटच्या आधी होते तसे आठवून मांडा आणि तो शॉट पुन्हा खेळवा. हेही पुठ्ठ्यावर लिहा. उन्हाळ्यात लागतंच.