पहिले गाणे बाहेर काढण्यापूर्वी : एका मराठी रॉक बँडचा अनुभव

आमच्या बँडचे पहिले गाणे चाकणमधल्या रात्रपाळीवरून पहाटे घरी परतणाऱ्या माणसाविषयी आहे आणि त्याचे ध्रुवपद ‘उजाडलं’ या शब्दाने सुरू होते. गाणे सव्वातीन मिनिटांचे आहे, पण ते लिहिल्यापासून लोकांच्या कानावर पडेपर्यंत चौदा महिने गेले. त्यांतले निम्मे तरी वाचवता आले असते, असे आज वाटते. मी बँडमध्ये बेस गिटार वाजवते आणि हिशेब, करार, नोंदणी ही कामेही माझ्याकडेच असतात, त्यामुळे स्टुडिओतल्या आणि स्टुडिओबाहेरच्या अशा दोन्ही चुका मला जवळून पाहायला मिळाल्या. मराठीत रॉक करू पाहणारी जी मुले-मुली आता पहिल्या गाण्याच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिले गाणे कोणते काढायचे, यावर आमचे दोन महिने वाद झाले. सात गाणी तयार होती. गिटारवाल्या मित्राला त्यांतले सर्वांत अवघड, साडेपाच मिनिटांचे गाणे हवे होते, कारण त्यात त्याचे कसब दिसत होते. आम्ही शेवटी एक साधी गोष्ट केली : सातही गाणी गच्चीवर बसून एका साध्या गिटारवर, ड्रम्स आणि ॲम्प्लिफायरशिवाय म्हणून पाहिली. पाच गाणी तिथेच गळून पडली. आवाजाच्या भरावर उभी असलेली गाणी भर काढून घेतला की उघडी पडतात, आणि ही परीक्षा जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, कधीच होत नाही, कारण तिथे सगळेच गाणे भव्य वाटते. उरलेल्या दोनांपैकी ‘उजाडलं’ निवडले, कारण ते आमच्याशिवाय दुसऱ्या कोणी लिहिले नसते. गायकाचे वडील आयुष्यभर रात्रपाळी करत आले आहेत.

या निवडीच्या काळात मला बीटल्स या ब्रिटिश बँडच्या पहिल्या सिंगलच्या, म्हणजे सुटे प्रसिद्ध केलेल्या गाण्याच्या, इतिहासाचा फार उपयोग झाला. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांच्यासमोर दुसऱ्याच गीतकाराचे, हमखास चालेल असे गाणे ठेवले होते. बीटल्सनी ते सप्टेंबर १९६२ मध्ये ध्वनिमुद्रितही केले, पण पहिल्या तबकडीवर आपलेच गाणे हवे असा आग्रह धरला आणि ‘लव्ह मी डू’ बाहेर आले. मार्टिन यांचा अंदाज चुकलेला नव्हता. तेच नाकारलेले गाणे लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्सने १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. तरीही बीटल्सचा हट्ट मला योग्य वाटतो. पहिल्या गाण्याने लोकांना तुमची ओळख होते, आणि ती ओळख उसनी असेल तर दुसऱ्या गाण्याच्या वेळी ती फेडावी लागते.

आता स्टुडिओ. आम्ही दोन दिवस आरक्षित केले होते आणि पहिला दिवस संपूर्ण वाया गेला. आमचा ड्रमर प्रत्यक्ष कार्यक्रमात उत्तम वाजवतो, पण कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या वेगाने पडणारे यंत्राचे ठोके, लावल्यावर तो अवघडला. कडव्यांचा वेग मिनिटाला ११८ ठोके होता आणि ध्रुवपदात शिरताच तो १२४ पर्यंत धावत होता. क्लिक मागे राहायचा, मग ड्रमर थबकायचा, आणि थबकल्याचे स्नेअर या ड्रमच्या प्रत्येक ठोक्यात ऐकू यायचे. सव्वीस टेक झाले. संध्याकाळी ध्वनिमुद्रकाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की बाहेरचा सराईत ड्रमर बोलावला तर दोन तासांत काम होईल. ड्रमर काचेपलीकडे होता. त्याला शब्द ऐकू गेले नाहीत, पण काय बोलणे चालले आहे ते त्याला कळले होते.

हा प्रसंग तुमच्यावर येण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून पुन्हा ‘लव्ह मी डू’कडे वळते. ते एकच गाणे तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या ड्रमरांनी वाजवले. ६ जून १९६२ रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे पुढे ‘ॲबी रोड’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या वास्तूत, पीट बेस्ट वाजवत होता. मार्टिन यांना त्याचे वादन पसंत पडले नाही आणि ऑगस्टमध्ये त्याला बँडमधून काढण्यात आले. ४ सप्टेंबरला त्याच्या जागी रिंगो स्टार होता. तेही पुरेसे वाटले नाही म्हणून ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट हा व्यावसायिक वादक बोलावला गेला आणि रिंगोच्या हातात खंजिरीसारखे टँबोरिन आले. गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये आधी विकल्या गेलेल्या तबकड्यांवर रिंगोचेच वादन होते आणि पुढच्या अल्बमवर व्हाइटचे. टँबोरिन ऐकू येते की नाही, यावरून दोन्ही ओळखता येतात. आज दोन्ही ऐकून पाहा. ज्या फरकासाठी एवढी उलथापालथ झाली तो फरक सामान्य श्रोत्याला सांगूनही चटकन लक्षात येत नाही.

आम्ही ड्रमर बदलला नाही. दुसरा दिवस रद्द केला, आगाऊ रकमेतले काही पैसे गेले, आणि तीन आठवडे रोज दीड तास फक्त बेस आणि ड्रम्स असा क्लिकवर सराव केला. त्या सरावात मला स्वतःची एक गोष्ट कळली : ध्रुवपदात वेग वाढवत होते ती मीच. तो माझ्यामागे येत होता. बेस आणि ड्रम्स एकत्र न ऐकता एकट्या ड्रमरला दोष देणे किती सोपे असते, हे मला तेव्हा उमगले आणि ते मी त्याला सांगितले. पुढच्या वेळी ध्वनिमुद्रकाने क्लिकच बदलून दिला; कडव्यांना ११८ आणि ध्रुवपदाला १२० ठोके, कारण गाण्याला तिथे थोडे पुढे झुकायचेच होते. चौथ्या टेकला ड्रम्स झाले. सराव करताना दर तालमीचे ध्वनिमुद्रण फोनवर का होईना करा आणि ते चौघांनी एकत्र बसून ऐका. आम्ही हे आधी केले असते तर सव्वीस टेकचा तो दिवस आलाच नसता.

गायनाची अडचण मात्र आम्हाला अजिबात अपेक्षित नव्हती. पहिले मिश्रण, म्हणजे सगळी वाद्ये आणि गायन एकत्र जुळवलेले गाणे, तयार झाल्यावर मी ते माझ्या मावशीला ऐकवले. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी तिने विचारले, “गं, हे ‘जाडलं’ म्हणजे काय?” आम्ही पुन्हा ऐकले, आणि खरोखरच ‘उ’ नाहीसा झाला होता. आम्हाला शब्द ठाऊक असल्यामुळे आमचे कान तो भरून काढत होते.

कारण शोधायला दोन दिवस लागले. ‘उ’ हा ओठ मिटत आणून म्हणायचा स्वर आहे. त्याचा बहुतेक जोर साधारण ३०० ते ९०० हर्ट्झच्या परिसरात असतो, आणि डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम आवाज फाटका केलेली, गिटारही नेमकी तिथेच गच्च भरलेली असते. त्यातून आमच्या चालीत ‘जा’ समेवर पडत होता आणि ‘उ’ त्याच्या अर्धी मात्रा आधी, म्हणजे आधीच्या कॉर्डचा गजर ओसरायच्या आत. आवाज वाढवून पाहिला, तर ‘जाडलं’ अंगावर येऊ लागले. गिटारचा तो पट्टा कापून पाहिला, तर गिटार पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्यासारखी वाजू लागली. शेवटी उपाय यंत्रात सापडला नाही, वाजवण्यात सापडला. गिटारवाल्याने समेच्या एक मात्रा आधी तळहात तारांवर ठेवून कॉर्ड पूर्ण बंद केली. त्या रिकाम्या जागेत फक्त हाय-हॅटची, म्हणजे ड्रम्समधल्या जोडझांजांची, एक टिकटिक आणि गायकाचा ‘उ’ राहिला. पहाट होण्याआधीचा क्षण गाण्यात आम्ही शब्दांनी सांगत होतो; तो आता ऐकूही येऊ लागला.

‘लव्ह मी डू’मध्येही अशी एक जागा आहे, हे मला पुढे कळले. मुखड्याचा शेवटचा शब्द बीटल्समधला जॉन लेनन म्हणत असे आणि त्याच शब्दावर त्याला माउथऑर्गन सुरू करावा लागत असे. जूनच्या सत्रात मार्टिन यांनी ती ओळ पॉल मॅकार्टनीला दिली. तिथे बाकीची वाद्ये थांबतात आणि तो एकटा गातो. त्या ओळीत आपल्या आवाजातली धास्ती ऐकू येते, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. मराठीत गाणाऱ्यांनी तर आपल्या शब्दांकडे आणखी बारकाईने पाहावे. इंग्रजी रॉकच्या चाली मनात ठेवून मराठी शब्द बसवले की ‘उ’, ‘इ’ असे मिटलेले स्वर उंच सुरांवर येतात आणि ‘ळ’, ‘ण’ गिटारखाली दबतात. शब्द बदला, नाहीतर चाल बदला. मिश्रणाच्या वेळी सगळे नीट होईल, या भरवशावर राहू नका.

मिश्रण आणि मास्टरिंगबद्दल, म्हणजे तयार मिश्रणावर फिरवल्या जाणाऱ्या शेवटच्या हाताबद्दल, थोडेच सांगते. मिश्रण फोनवर, रिक्षातल्या स्पीकरवर, कमी आवाजात, असे सगळीकडे ऐकून पाहा. गाणे शक्य तितके मोठ्याने वाजावे म्हणून त्याला चेपत नेण्याचा मोह होतो, पण स्पॉटिफाय गाण्यांची पातळी साधारण वजा १४ एलयूएफएसच्या (आवाजाची मोठी-लहान पातळी मोजण्याचे एकक) जवळ आणून वाजवते, त्यामुळे चेपलेले गाणे शेवटी मोठे न वाजता नुसते सपाट वाजते. आमच्या गाण्यातली ती रिकामी मात्रा पहिल्या मास्टरमध्ये जवळजवळ बुजली होती. आम्ही ते परत पाठवले.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे वाटते, पण मैत्री टिकवण्याचे काम तेच करते. गाणे बाहेर येण्याआधी एका पानावर लिहून काढा की शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची आणि खर्च कोणी किती केला. गीतकार-संगीतकाराचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे कायद्याने वेगळे आहेत, हे आमच्यापैकी तिघांना ठाऊकच नव्हते. प्रताधिकार कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या पैशांतला, वाटा मिळण्याचा जो हक्क दिला आहे, तो कोणत्याही कंपनीच्या करारात सोडून देता येत नाही. तो वाटा गोळा करण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचे सभासद व्हावे लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळखीसाठी बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. तो बहुतेक वितरण सेवा, म्हणजे गाणे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या कंपन्या, देतात. तो जपून ठेवा, कारण सेवा बदलली तरी क्रमांक तोच राहायला हवा.

इथे आम्ही दोनदा चुकलो. वितरण सेवेवर गाणे चढवले आणि ते रोमन लिपीत आमच्यासारखेच नाव असलेल्या परदेशी बँडच्या पानावर जाऊन बसले. ते हलवून घ्यायला तीन आठवडे लागले. नाव ठरवतानाच ते सगळीकडे शोधून पाहिले असते तर हे टळले असते. दुसरी चूक सर्वस्वी माझी होती. स्पॉटिफायच्या संपादकांकडे नवे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवावे, असे स्पॉटिफाय सांगते. मी चार दिवस आधी पाठवायला बसले, तोवर उशीर झाला होता. गाणे हातात आल्यावर धीर धरवत नाही, पण प्रसिद्धीची तारीख किमान चार आठवडे पुढची ठेवा.

आणि मग प्रतिसाद. पहिल्या दोन दिवसांत ओळखीच्या सगळ्यांनी अभिनंदन केले, तिसऱ्या दिवशी सामसूम झाली. ती सामसूम फार अवघड जाते, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्या महिन्यात गाणे हजार वेळाही ऐकले गेले नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेल्याशिवाय ध्वनिमुद्रणाचे पैसे जमा होत नाहीत, तेव्हा कमाईचा प्रश्नच नव्हता. गायक आठवडाभर कोणाशी बोलला नाही. त्या काळात मी त्याला ‘लव्ह मी डू’चे आकडे सांगितले. ५ ऑक्टोबर १९६२ ला आलेले ते गाणे ब्रिटनमध्ये तेव्हा १७ व्या क्रमांकापलीकडे गेले नाही आणि तिथे पोहोचायलाही त्याला डिसेंबर उजाडला. मे १९६४ मध्ये तेच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. गाणे बदलले नव्हते, ऐकणाऱ्यांना तोवर बँड माहीत झाला होता. आपल्या गाण्याचे तसे होईल असे मी त्याला म्हणाले नाही, पण पहिल्या महिन्यावरून गाणे संपले असे धरायचे कारण नाही, एवढे त्याला पटले.

खरा प्रतिसाद हळूहळू आणि वेगळ्याच वाटेने आला. गायकाच्या वडिलांनी गाणे कारखान्यातल्या सोबत्यांना पाठवले. त्यांतल्या कित्येकांनी रॉक कधी ऐकले नव्हते, आणि गिटारचा गोंगाट जरा जास्त झाला असे त्यांनी स्पष्ट कळवले. पण एकाने लिहिले की पहाटे कंपनीच्या बसमध्ये हे गाणे लावतो आणि ‘उजाडलं’ येते तेव्हा बस मोशीच्या पुढे आलेली असते. आम्ही स्वरांवर आणि अर्ध्या मात्रेवर जे डोके फोडले, ते त्या बसपर्यंत पोहोचले होते.

एक शेवटचे काम विसरू नका : ध्वनिमुद्रण संपल्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल स्टुडिओतून मागून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी आमच्या गाण्याचा नुसता वाद्यांचा ट्रॅक मागितला आणि तो आम्ही त्याच संध्याकाळी पाठवू शकलो. त्यांनी ड्रम्स मात्र स्वतः वाजवायचे ठरवले आहेत. तालमीचे ध्वनिमुद्रण त्यांनी पाठवले. ध्रुवपदात त्यांचाही ड्रमर पुढे धावतो आहे, आणि आमच्या ड्रमरने त्या मुलाला रविवारी जॅमरूममध्ये बोलावले आहे. मीही बेस घेऊन जाणार आहे.